बर्कलीचा सूटकेस दवाखाना

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे बर्कली नावाचं विद्यापीठाचं गाव आहे. तिथे १९८९ पासून विद्यार्थी एक मोफत दवाखाना चालवतात. त्याचं नाव 'सूटकेस क्लिनिक'. या दवाखान्याला भपकेदार इमारत नाही. आठवड्यातल्या ठरलेल्या संध्याकाळी एखाद्या चर्चचं सभागृह उघडतं, घडीची टेबलं मांडली जातात आणि बॅगांमधून सामान बाहेर निघतं. एका कोपऱ्यात रक्तदाब मोजायला सुरुवात होते, दुसऱ्या कोपऱ्यात डोळे तपासले जातात, तिसरीकडे केस कापायची खुर्ची असते. कुणी गरम जेवण वाढत असतं, कुणी कायद्याचा सल्ला देत असतं. भिंतीलगत पाण्याचे टब असतात आणि त्यांत पाय सोडून काही माणसं बसलेली असतात. रात्री सगळं आवरायचं, सभागृह झाडून चर्चच्या ताब्यात द्यायचं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा मांडायचं.

इथे येणारी माणसं बेघर असतात, किंवा बेघर होण्याच्या काठावर उभी असतात. त्यांची सेवा करणारी मुलंमुली बहुतेक विशी-पंचविशीतली. त्यांतल्या फार थोड्यांना वैद्यकाचं शिक्षण मिळालेलं असतं आणि औषध लिहून द्यायचा अधिकार तर त्यांतल्या कुणालाच नसतो. तो अधिकार संध्याकाळी देखरेखीला येणाऱ्या डॉक्टरांचा. मग ही मुलं करतात काय? ती वेळ देतात. डॉक्टरला जो वेळ कधीच पुरत नाही, तो या मुलांकडे भरपूर असतो. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाच्या उपचाराची सुरुवात औषधापेक्षा या वेळातूनच होते, हे बर्कलीच्या मुलांनी वर्षानुवर्षं दाखवून दिलं आहे. म्हणूनच हा छोटा दवाखाना नीट समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

बर्कलीला मोफत दवाखाने नवे नव्हते. १९६७ च्या उन्हाळ्यात देशभरातली हजारो तरुण मुलं सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-ॲशबरी भागात येऊन राहिली, तेव्हा डेव्हिड स्मिथ या तरुण डॉक्टरांनी तिथे जून महिन्यात एक मोफत दवाखाना उघडला. आरोग्यसेवा हा हक्क आहे, ती सवलत नव्हे, हे त्या दवाखान्याचं ब्रीद होतं आणि पुढे ते देशभरातल्या मोफत दवाखान्यांनी उचललं. १९६९ साली बर्कलीत 'पीपल्स पार्क' या मोकळ्या जागेवरून विद्यार्थी आणि पोलीस यांच्यात मोठा संघर्ष झाला. जखमी आंदोलकांना रस्त्यावरच मलमपट्टी करणाऱ्या गटातून 'बर्कली फ्री क्लिनिक' उभं राहिलं. तिथली पद्धत वेगळी होती. डॉक्टर नसलेल्या सामान्य स्वयंसेवकांना प्रशिक्षण द्यायचं आणि निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचे. सामान्य माणूस शिकून दुसऱ्याची शुश्रूषा करू शकतो, हा विश्वास या गावात आधीपासून मुरलेला होता.

१९८० च्या दशकात रस्त्यांवरचं चित्र बदललं. मनोरुग्णालयांतल्या खाटा आधीच कमी झाल्या होत्या आणि समाजात राहून उपचार देणारी पर्यायी केंद्रं पुरेशी उघडली नव्हती. एका खोलीचं भाडं भरून राहता येईल अशी स्वस्त हॉटेलं मोठ्या शहरांत पाडली जात होती. घरबांधणीवरच्या केंद्र सरकारच्या खर्चाला कात्री लागली होती. परिणामी पूर्वी जे दारिद्र्य कोंदट खोल्यांमध्ये झाकलेलं होतं ते फुटपाथवर आलं. बर्कली विद्यापीठ आणि सॅन फ्रान्सिस्कोचं वैद्यकीय विद्यापीठ मिळून पाच वर्षांचा एक संयुक्त वैद्यकीय अभ्यासक्रम चालवत असत. त्या अभ्यासक्रमाचे विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक डॉ. ॲलन स्टाइनबाक यांनी १९८९ मध्ये सूटकेस क्लिनिक सुरू केलं. विद्यापीठाच्या फाटकाबाहेर पडलं की टेलिग्राफ ॲव्हेन्यूवर पथारी टाकून बसलेली माणसं दिसत होतीच. आपण वर्गात ज्या रोगांची नावं पाठ करतो, ते रोग या माणसांना आहेत आणि त्यांच्यापर्यंत कुणी पोहोचत नाही, हे मुलांना रोज दिसत होतं.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात माणसाला डॉक्टर का मिळू नये, असा प्रश्न मराठी वाचकाला पडणं साहजिक आहे. आपल्याकडे ससूनमध्ये किंवा केईएममध्ये रांग कितीही लांब असो, गरीब माणूस केसपेपर काढून रांगेत उभा राहू शकतो. अमेरिकेत उपचाराची सारी भिस्त विम्यावर आहे आणि विमा बहुतेकांना नोकरीतून मिळतो. नोकरी गेली की विमाही जातो. १९८६ साली एक कायदा झाला. त्यानुसार तातडीच्या विभागात आलेल्या कुणालाही तपासणं आणि त्याची प्रकृती स्थिरावेल इतपत उपचार करणं रुग्णालयांवर बंधनकारक झालं. पण त्या कायद्याची हद्द तिथेच संपते. पायाची जखम सडू लागली तर रुग्णालय दाखल करून घेईल; ती सडू नये म्हणून दर चार दिवसांनी ड्रेसिंग बदलायची जबाबदारी कुणाचीच नाही. गरिबांसाठी 'मेडिकेड' ही सरकारी योजना आहे, परंतु मुलंबाळं नसलेली धडधाकट एकटी माणसं बहुतेक राज्यांत तिच्या बाहेरच राहत असत. कॅलिफोर्नियाने २०१४ पासून त्यांनाही आत घेतलं. त्यानंतरही कार्ड हाती असणं आणि डॉक्टरची वेळ मिळणं यांत मोठं अंतर राहिलं. वेळ मिळवायला फोन लागतो, पत्र यायला पत्ता लागतो, नाव नोंदवायला ओळखपत्र लागतं. रस्त्यावर झोपणाऱ्याची पिशवी चोरीला गेली की या तिन्ही गोष्टी एकाच रात्रीत जातात.

ही माणसं कोण, याबद्दलही अनेक गैरसमज आहेत. जानेवारी २०२४ मधल्या एका रात्रीच्या देशव्यापी मोजणीत अमेरिकेत ७,७१,४८० माणसं बेघर आढळली. हवा चांगली म्हणून बाहेरून माणसं येऊन कॅलिफोर्नियाच्या फुटपाथवर राहतात, असं सर्रास बोललं जातं. डॉ. मार्गोट कुशेल यांच्या गटाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राज्यव्यापी अभ्यासात उलटंच दिसलं. दर दहांपैकी नऊ जणांचं शेवटचं घर कॅलिफोर्नियातच होतं आणि बहुतेक जण त्याच जिल्ह्यात राहत होते. बर्कलीला लागून असलेल्या ओकलंड शहरात याच गटाने पन्नाशीच्या पुढच्या ३५० बेघर माणसांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला. त्यांतले सुमारे ४४ टक्के लोक वयाच्या पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदा बेघर झाले होते. म्हणजे आयुष्यभर काम केलं, भाडं भरलं आणि मग एक आजारपण, एक घटस्फोट किंवा आईवडिलांपैकी एकाचा मृत्यू, एवढ्यावर छप्पर गेलं. पन्नाशीतल्या या माणसांची शरीरं सत्तरीतल्या म्हाताऱ्यांसारखी झिजलेली असतात. तोल जाऊन पडणं, विसरभोळेपणा, लघवीवर ताबा न राहणं ही म्हातारपणाची दुखणी त्यांना वीस वर्षं आधी गाठतात.

आता दवाखाना चालतो कसा ते पाहू. अमेरिकेत बारावीनंतर थेट वैद्यकीय महाविद्यालयात जात नाहीत. आधी चार वर्षांची पदवी घ्यायची, मग वैद्यकाची चार वर्षं. सूटकेस क्लिनिकमध्ये पदवीच्या वर्गातली मुलं सर्वात जास्त असतात. कुणी जीवशास्त्राचं, कुणी समाजशास्त्राचं, कुणी अर्थशास्त्राचं. त्यांना विद्यापीठातच यासाठी एक अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. बेघरपणाची कारणं, व्यसन, मानसिक आजार, शहरातल्या निवाऱ्यांचे नियम, संतापलेल्या माणसाशी कसं बोलावं, हे सगळं शिकून मगच ती 'केसवर्कर' म्हणून उभी राहतात. दारातून आत येणाऱ्या प्रत्येक माणसासोबत एक केसवर्कर असतो आणि तो संध्याकाळभर त्याच्यासोबतच राहतो. आज तुम्हाला काय हवं आहे, हा त्याचा पहिला प्रश्न. उत्तर 'डॉक्टर' असेलच असं नाही. कुणाला फक्त जेवण हवं असतं, कुणाला वाचायचा चष्मा, कुणाला हरवलेल्या ओळखपत्राचा अर्ज भरून हवा असतो. जे मागितलं त्यापासूनच सुरुवात करायची, हा इथला नियम. आलेल्या माणसाला इथे 'रुग्ण' म्हणत नाहीत, कारण केस कापून घ्यायला आलेला माणूस रुग्ण कसा?

वैद्यकीय बाजू वैद्यकाचे विद्यार्थी सांभाळतात. ते तक्रार ऐकतात, इतिहास लिहून घेतात, तपासतात आणि मग सारं डॉक्टरांसमोर मांडतात. डॉक्टर स्वतः येऊन पुन्हा तपासतात, निर्णय घेतात, औषध लिहितात. डोळ्यांसाठी विद्यापीठाच्याच नेत्रविभागातले विद्यार्थी येतात. एक संध्याकाळ खास स्त्रियांची असते. पुरुषांनी भरलेल्या सभागृहात यायला अनेक स्त्रिया धजत नाहीत. त्यांच्यापैकी कित्येकींनी मारहाण सोसलेली असते आणि काहींच्या कडेवर मूल असतं. म्हणून त्यांच्यासाठी वेगळी वेळ आणि मुलं सांभाळायची सोय ठेवली गेली. तरुण बेघर मुलांसाठीही स्वतंत्र दवाखाना आहे. ज्या मुलाचा सगळ्या मोठ्या माणसांवरचा विश्वास उडालेला असतो, तो विशीतल्या केसवर्करशी निदान बोलायला तयार होतो.

पण या दवाखान्याची खरी ओळख म्हणजे पाय धुण्याची जागा. स्वयंसेवक टबात कोमट पाणी भरतो, समोर खाली बसतो आणि माणसाचे बूट-मोजे काढायला मदत करतो. कधीकधी मोजा कातडीला चिकटलेला असतो. तो ओढायचा नाही, पाण्यात भिजवून सोडवायचा. पाणी गरम नसावं, कोमटच असावं, यावर कटाक्ष असतो, कारण मधुमेहाने नसा बधिर झालेल्या माणसाला पाय भाजला तरी कळत नाही. सौम्य साबणाने धुऊन झालं की टॉवेलने टिपायचं, बोटांच्या बेचक्या आठवणीने कोरड्या करायच्या, मग क्रीम लावायचं आणि कोऱ्या मोज्यांचा जोड द्यायचा. या सगळ्याला वेळ लागतो, आणि तो लागू दिला जातो.

फुटपाथवर राहणाऱ्याचे पाय म्हणजे त्याच्या आयुष्याचा दाखला. जेवणाच्या रांगेपासून निवाऱ्याच्या रांगेपर्यंत, तिथून सरकारी कचेरीपर्यंत तो दिवसभर चालत असतो, बहुधा दुसऱ्या कुणाच्या मापाच्या बुटांतून. चोरीच्या भीतीने रात्रीही बूट पायांतच राहतात. त्यामुळे घट्टे, कुरुपं, भेगा, आत वळलेली नखं आणि बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या हे तर ठरलेलंच. अनेकांना आडवं व्हायला जागा मिळत नाही. ते खुर्चीवर, बसच्या बाकावर, कुठेतरी टेकून बसल्याबसल्या झोपतात. महिनोन्‌महिने पाय लोंबकळत राहिले की रक्त खाली साठतं, घोटे सुजतात, कातडी काळवंडून पातळ होते आणि साध्या ओरखड्याची चिघळणारी जखम होते. बर्कलीत हिवाळ्यात बर्फ पडत नाही, पाऊस पडतो. रात्री पारा आठ-दहा अंशांपर्यंत उतरतो. ओले मोजे दिवसच्या दिवस पायांत राहिले तर अशा थंडीतही पाय पांढराफटक, सुरकुतलेला आणि बधिर होतो, मग लाल होऊन असह्य ठणकू लागतो. या विकाराला 'ट्रेंच फूट' म्हणतात. १८१२ मध्ये नेपोलियनचं सैन्य रशियातून माघारी येत असताना त्याचे शल्यवैद्य लारे यांनी असे पाय पाहिले होते. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या पाण्यात उभ्या राहिलेल्या हजारो सैनिकांना तो झाला आणि त्यावरून हे नाव पडलं. त्यावरचा सर्वात चांगला उपाय तेव्हा होता तोच आजही आहे. पाय कोरडे ठेवणं आणि मोजे बदलणं.

पाय धुताना माणूस बोलू लागतो. तासभर प्रश्नांना हूं की चूं न करणारा माणूस पाणी कोमट लागलं की आपण होऊन सांगतो, की इन्शुलिन संपून महिना झाला आहे, की छातीत दुखतं, की मुलगी दुसऱ्या राज्यात आहे आणि तिला कळवायचं नाही. टबाशेजारी खाली बसलेल्या मुलाला ते ऐकू येतं, कारण तो घाईत नसतो आणि त्याची मान माणसाच्या मानेपेक्षा खाली असते. बोटांमधला व्रण, अंगठ्यावरची काळी पडलेली कातडी हे डॉक्टरांच्या नजरेतून निसटलेलं त्याला दिसतं आणि तो डॉक्टरांना हाक मारतो. नख कापणं, व्रण खरवडणं असली कामं मधुमेही माणसाच्या बाबतीत तो स्वतः करत नाही. आपली हद्द ओळखणं हा त्याच्या शिक्षणाचाच भाग आहे.

आपल्याकडे आषाढी वारीत पालख्या मुक्कामाला थांबल्या की डॉक्टर, वैद्यकीय महाविद्यालयांतले विद्यार्थी आणि कितीतरी साधी माणसं वारकऱ्यांचे फोड बांधतात, तेल लावून पाय चोळून देतात. कुणी फुकट दाढी करून देतं, कुणी चपला शिवून देतं. त्यामुळे दमल्या पायांची सेवा म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. पण वारकऱ्याला विठ्ठलाचं दर्शन घेऊन घरी परतायचं असतं. बर्कलीच्या माणसाच्या चालण्याला मुक्काम नाही, म्हणून त्याचे पाय पुढच्या आठवड्यात पुन्हा तसेच होऊन येतात आणि मुलं ते पुन्हा धुतात.

पाण्याच्या टबाने एका नामवंत डॉक्टरलाही घडवलं आहे. १९८५ मध्ये दोन मोठ्या धर्मादाय संस्थांनी अमेरिकेतल्या १९ शहरांना बेघरांच्या आरोग्यसेवेसाठी निधी दिला. त्यांत बॉस्टन होतं. तिथल्या मॅसॅच्युसेट्स जनरल या प्रख्यात रुग्णालयातून प्रशिक्षण पुरं केलेले डॉ. जिम ओकॉनेल कर्करोगतज्ज्ञ व्हायच्या तयारीत होते. एक वर्ष हे काम कर, मग पुढे जा, असं वरिष्ठांनी सुचवलं. 'पाइन स्ट्रीट इन' या निवाऱ्यातल्या दवाखान्यात ते गेले, तेव्हा तिथल्या अनुभवी परिचारिकांनी त्यांना स्टेथोस्कोप बाजूला ठेवायला सांगितलं आणि लोकांचे पाय पाण्यात भिजवायच्या कामाला बसवलं. बार्बरा मॅकिनिस या परिचारिका त्यांच्या पहिल्या गुरू. ते एक वर्ष कधी संपलंच नाही. ओकॉनेल यांनी सारं आयुष्य बॉस्टनच्या बेघरांना दिलं. ट्रेसी किडर यांचं २०२३ मधलं 'रफ स्लीपर्स' हे पुस्तक त्यांच्यावर आहे. बॉस्टनमध्येच १९८८ ते १९९३ या काळात दवाखान्यात आलेल्या १७,२९२ बेघर प्रौढांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांत ज्यांचा मृत्यू झाला त्यांचं मृत्यूच्या वेळचं सरासरी वय ४७ वर्षं होतं. जगातल्या उत्तमोत्तम रुग्णालयांच्या सावलीत ही माणसं सत्तेचाळीसाव्या वर्षी जात होती, हे वाचून मन सुन्न होतं.

रस्त्यावरच्या माणसाला औषध देणं हे एक वेगळंच शास्त्र आहे आणि पाठ्यपुस्तकात ते फारसं सापडत नाही. रक्तदाबावर लघवी वाढवणारी गोळी स्वस्त आणि गुणकारी असते. पण ज्याला दिवसभरात शौचालय सापडत नाही, त्याला ती देणं म्हणजे त्याची विटंबना करणं. तो ती टाकून देईल आणि परत येणारही नाही. इन्शुलिनची न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागते. उघडलेली साधारण २८ दिवस बाहेर टिकते, पण उन्हात तापणाऱ्या तंबूत ती त्याआधीच निकामी होते. दिवसातून तीन वेळा जेवणानंतर घ्या, ही सूचना जेवणाचा भरवसा नसलेल्या माणसाला निरुपयोगी. झोप आणणाऱ्या गोळ्या रस्त्यावर धोक्याच्या, कारण गाढ झोपलेल्याला लुबाडलं जातं. त्यामुळे इथला विद्यार्थी आजाराइतकीच माणसाच्या दिवसाची चौकशी करतो. रात्री कुठे झोपता, पाणी कुठे मिळतं, औषध ठेवायला जागा आहे का? ही उत्तरं मिळाल्यावरच डॉक्टर गोळी निवडू शकतात.

काही आजार तर इतिहासातून उठून आल्यासारखे वाटतात. पहिल्या महायुद्धात अंगावरच्या उवांमधून पसरणारा 'ट्रेंच फीवर' नावाचा ताप होता. पुढे तो जगाच्या विस्मरणात गेला. १९९३ च्या पहिल्या सहामाहीत सिॲटलमध्ये दारूचं व्यसन असलेल्या, बहुतांशी बेघर अशा दहा रुग्णांच्या रक्तात त्याच जंतूचा संसर्ग सापडला. त्यानंतर फ्रान्समधल्या मार्सेय शहरातही बेघरांमध्ये तो आढळला. हा जंतू हृदयाच्या झडपांवर घर करून जीव घेऊ शकतो.  मुख्यतः कपड्यांच्या शिवणीत राहणाऱ्या उवांमुळे तो पसरतो. त्यामुळे प्रतिजैविकांच्या जोडीने गरम पाण्यात धुतलेले कपडे हाही त्यावरचा उपचारच आहे. सभागृहाच्या कोपऱ्यात ठेवलेला कोऱ्या कपड्यांचा ढीग दानधर्माचा वाटला तरी तो खरं तर औषधांच्या कपाटाइतकाच महत्त्वाचा असतो.

विद्यार्थ्यांचे असे दवाखाने आज अमेरिकाभर आहेत. सॅन डिएगोत डॉ. एलन बेक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९७ मध्ये चर्चच्या जागेत असाच दवाखाना सुरू केला. पुढे तिथे दंतवैद्यक, कायदा, ॲक्युपंक्चर अशा शाखांचे विद्यार्थीही आले. न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये २००४ पासून माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी विमा नसलेल्यांना तपासतात. डेट्रॉइटमध्ये वेन स्टेट विद्यापीठाचे विद्यार्थी पाठीवर औषधांच्या बॅगा घेऊन सायकलींवरून बेघरांच्या तंबूंपर्यंत जातात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १४१ वैद्यकीय महाविद्यालयांपैकी १०६ ठिकाणी विद्यार्थ्यांनी चालवलेला किमान एक मोफत दवाखाना होता. असे एकूण २०८ दवाखाने त्या पाहणीत मोजले गेले.

रस्त्यावर जाऊन उपचार करण्याच्या या चळवळीचा एक धागा भारतात येऊन पोहोचतो. पिट्सबर्गचे डॉ. जिम विदर्स १९९२ पासून रात्री फाटके कपडे घालून, केसांना माती फासून पुलांखाली राहणाऱ्यांकडे जाऊ लागले. आपल्यासारखं कुणी आहे का, याचा शोध घेताना त्यांना कोलकात्यात डॉ. जॅक प्रेगर भेटले. प्रेगर मूळचे मँचेस्टरचे. वेल्समध्ये शेती करत असताना त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं आणि डब्लिनमध्ये शिकून वयाच्या चाळिशीनंतर ते डॉक्टर झाले. आधी बांगलादेशातल्या निर्वासितांमध्ये काम केलं, मग कोलकात्यात मिडलटन रो या रस्त्याच्या कडेला, उघड्यावर त्यांचा दवाखाना अनेक वर्षं भरत असे. त्यातूनच 'कलकत्ता रेस्क्यू' ही संस्था उभी राहिली आणि ती आजही काम करते. भारतातल्या एका फुटपाथवरचा अनुभव अमेरिकेतल्या पुलांखाली कामी आला, हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक आहे.

या दवाखान्यांवर गंभीर आक्षेपही आहेत आणि ते ऐकून घ्यायलाच हवेत. पहिला आक्षेप असा, की श्रीमंतांना अनुभवी डॉक्टर आणि गरिबांना शिकाऊ मुलं, हा कुठला न्याय? त्याला एकच प्रामाणिक उत्तर आहे, ते म्हणजे कडक देखरेख. जिथे प्रत्येक माणसाला डॉक्टर स्वतः पाहतात तिथे विद्यार्थ्याच्या असण्याने उपचार वाढतो. जिथे पाहत नाहीत तिथे तो दवाखाना बंद करणंच योग्य. ईस्ट हार्लेमच्या दवाखान्यातल्या मधुमेहींच्या उपचारांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. विमा नसलेल्यांना इतरत्र मिळणाऱ्या उपचारांपेक्षा ते कमी प्रतीचे आढळले नाहीत. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. विद्यार्थी जातात. परीक्षा येतात, सुट्ट्या लागतात, पदवी मिळाली की मुलं गाव सोडतात. मोठ्या मुश्किलीने ज्या माणसाने एका मुलीवर विश्वास टाकला, त्याला पुढच्या वर्षी नवाच चेहरा भेटतो आणि आपली कहाणी त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. यावर पक्का तोडगा कुठेच निघालेला नाही. नोंदी काळजीपूर्वक लिहिणं, जाणाऱ्याने येणाऱ्याची समोरासमोर ओळख करून देणं आणि वर्षानुवर्षं टिकणारे शिक्षक पाठीशी असणं, एवढंच हाती आहे.

याहून मोठी मर्यादा घराची. जखमेवर ड्रेसिंग उत्तम झालं, पण माणूस रात्री पुन्हा ओल्या पुठ्ठ्यावर झोपला तर जखम भरत नाही. बेघर माणसाला रुग्णालयातून सोडतात तेव्हा तो घरी जाऊ शकत नाही, आणि निवारा बहुतेक ठिकाणी सकाळी रिकामा करावा लागतो. मग बोट कापलेल्या पायाने त्याने दिवसभर कुठे बसायचं? यावर बॉस्टनच्या मंडळींनी १९८५ मध्येच एक वाट काढली. रुग्णालयात ठेवण्याइतका आजारी नाही, पण रस्त्यावर राहण्याइतका बराही नाही, अशा माणसासाठी परिचारिकांच्या देखरेखीखालच्या खाटा. पुढे त्यांचं एक स्वतंत्र केंद्र झालं आणि त्याला बार्बरा मॅकिनिस यांचं नाव दिलं गेलं. आज अमेरिकेतल्या अनेक शहरांत अशी विश्रामकेंद्रं आहेत, पण गरजेच्या मानाने खाटा फारच थोड्या. म्हणून सूटकेस क्लिनिकसारख्या ठिकाणी केसवर्करच्या कामाचा मोठा भाग फोनवर जातो. कुठे खाट रिकामी आहे, त्या निवाऱ्यात कुत्रा चालतो का, चाकाची खुर्ची आत जाते का, ओळखपत्राविना घेतील का, हे तो एकेका ठिकाणी विचारत राहतो. समोरचा माणूस ते ऐकत असतो आणि नाव पुढे पाठवायचं की नाही, हे शेवटी तोच ठरवतो.